सव्वा तासाचं टोक

वनउद्यानाच्या बुकिंग ऑफिसात सगळे त्यांना मावशी म्हणायचे. साहेबही मावशी म्हणायचे, आणि साहेब त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे होते. शहरातल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीन आणि खिडकी यांच्या मधोमध मावशींचं टेबल. टेबलावर फोन, जाडजूड रजिस्टर, तासून ठेवलेल्या चार पेन्सिली. समोरच्या भिंतीवर उद्यानाचा भलामोठा नकाशा. या खुर्चीत बसून बावीस वर्षं मावशींनी लोकांना जंगलात धाडलं. तंबूची जागा कुठली घ्यावी, वाट कुठली धरावी, लेकरं बरोबर असतील तर ओढ्यापाशी का थांबू नये, सगळं तोंडपाठ.

आणि गंमत बघा, स्वतः त्या तिथं एकदाही गेल्या नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? अहो, असंच असतं. मिठाईच्या दुकानातला माणूस कधी मिठाई खाताना दिसतो का? सुट्ट्या लागल्या की लोक जंगलात जाणार, आणि लोक जंगलात जाणार म्हणजे मावशींच्या फोनला उसंत नाही. मावशींना रजा मिळायची ती उद्यान बंद असताना. त्यात मुलाची शाळा, नवऱ्याच्या बस डेपोतल्या पाळ्या, आणि सासूबाई सात वर्षं अंथरुणाला. राहून गेलं ते राहूनच गेलं.

पण माहिती विचाराल तर पक्की. दुसऱ्या नळाचं पाणी अंगावर उडतं, बारा नंबरच्या जागेवर भल्या पहाटे सुतारपक्षी ठोकाठोक करून झोपू देत नाही, पाच नंबरवर एक खार साबण पळवते. ही सगळी माहिती लोकांच्या तक्रारींतून जमलेली. शिवाय रोज सकाळी आठला उद्यानाच्या चौकीला फोन. चौकीवरच्या रक्षकाला त्या दादा म्हणायच्या, तो त्यांना ताई म्हणायचा. अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. “दादा, आजचं काय?” असं मावशी विचारायच्या, आणि पडलेलं झाड, सुटलेली फळी, वाढलेलं पाणी असं जे काही असेल ते पेन्सिलीनं नकाशावर चढवायच्या.

आता त्या सव्वा तासाची गोष्ट सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. उद्यानातली सगळ्यात लांब वाट टेकडीच्या टोकावर जाते. मावशी नव्या होत्या तेव्हा कुणीतरी फोनवर विचारलं, “टोकावर जायला किती वेळ लागतो?” रजिस्टरात काही नव्हतं. साहेबांना विचारलं, तर साहेब म्हणाले, “बघा तुम्हीच काहीतरी.” मावशी पडल्या हुशार. त्यांनी पर्समधला विणकामाचा लोकरीचा धागा काढला, नकाशावरच्या वाटेवर वळणावळणानं बसवला आणि खालच्या मापपट्टीवर मोजला. सहा किलोमीटर. त्यांचं घर ते ऑफिस दोन किलोमीटर, आणि ते अंतर त्या पंचवीस मिनिटांत तोडायच्या. म्हणजे टोक तीन घर-ऑफिस. पंचवीस त्रिक पंचाहत्तर. सव्वा तास!

झालं. त्या दिवसापासून टोक म्हणजे सव्वा तास. सूर्यास्त बघायचा असेल त्याला मावशी ठसक्यात सांगायच्या, “सूर्य मावळायच्या दीड तास आधी निघा. सव्वा तास चढायला, पाव तास दम खायला. म्हातारं माणूस बरोबर असेल तर अर्धा तास आणखी आधी.” आणि लोक परत आल्यावर आवर्जून फोन करायचे, “मावशी, काय सूर्यास्त होता हो! डोळ्यांचं पारणं फिटलं!” फोन ठेवल्यावर मावशी दहा मिनिटं हवेत असायच्या.

मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी ऑफिसनं त्यांना भेट काय द्यावी? दोन रात्रींचं बुकिंग, तंबूसकट! मावशींचे डोळे भरून आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि नेमकं तेव्हाच, त्यांच्या खुर्चीवर आलेली नवी मुलगी नव्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, “मावशी, टोकाला दोन तास लागतात. सगळ्या वाटा मशीननं मोजल्यात ना आता. तुम्ही सव्वा तास सांगायचात ते कुठून?”

मुलगी बिचारी सरळपणानं बोलली, पण मावशींच्या हातातला केक हातातच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी पर्स टेबलावर आपटली. “अहो, बावीस वर्षं मी लोकांना खोटं सांगत होते का?”

त्यांचा नवरा, डेपोतले निवृत्त मिस्त्री, रेडिओ उघडून बसले होते. ते स्क्रू फिरवत म्हणाले, “नकाशाला चढ नसतो, बाई.”

“चढ बिढ मला सांगू नका. खोटं असतं तर लोकांना सूर्यास्त दिसला कसा? दीड तास आधी निघालेला माणूस दोन तासांनी पोचला, तर त्याला अंधार दिसेल! एकानं तरी तक्रार केली का? नळाच्या पाण्यावरून तक्रार करणारी माणसं ती, सूर्यास्त चुकला तर सोडतील होय?”

मिस्त्रींनी स्क्रू ठेवला. मुद्दा बिनतोड होता. “मग मशीन चुकलं असेल,” ते म्हणाले.

“चुकलंच असणार. हातच्या काकणाला आरसा कशाला? आपण जाऊ आणि चालून बघू. घड्याळ लावून!”

आणि निघाले की दोघं! मिस्त्रींचा डावा गुडघा कुरकुरणारा, मावशींनी घेतलेली पिशवी दोन माणसांना पंधरा दिवस पुरेल इतकी. उकडलेली अंडी, ब्रेड, बिस्किटं, थर्मास, तीन टॉर्च. बसमध्ये मावशींची टकळी थांबेना. “आता डावीकडे पेट्रोल पंप येईल. पंपानंतर शाळा. शाळेनंतर फाटा चुकतो लोकांचा.” पंप आला, शाळा आली, फाटा आला. कंडक्टरनं कौतुकानं विचारलं, “दर वर्षी येता वाटतं?” मिस्त्री खिडकीबाहेर बघत हसले.

उद्यानाच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मावशींना काय करू आणि काय नको असं झालं. केवढी ती झाडं! नकाशावर नुसता हिरवा रंग होता. त्या हिरव्याला असा वास असेल, पायाखाली पाचोळा असा वाजेल, वर बघता बघता मान दुखेल, हे त्यांना बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. चौकीच्या खिडकीत चष्मा लावलेला एक किडकिडीत माणूस काहीतरी लिहीत होता. मावशींनी विचारलं, “नऊ नंबरची जागा आहे ना आमची?”

माणसाचं पेन थांबलं. तो उठला, बाहेर आला, त्यानं मावशींना वरून खालपर्यंत पाहिलं. “ताई?”

“दादा? अगंबाई! मला वाटायचं तुम्ही चांगले धिप्पाड असाल, मिशा असतील.”

“आणि मला वाटायचं तुम्ही उंच असाल,” दादा म्हणाला, आणि दोघं इतकी हसली की मिस्त्रींना पिशवी खाली ठेवावी लागली.

मग काय विचारता! मावशी दुसऱ्या नळाखाली मुद्दाम हात धरून भिजून आल्या. “उडतं हो, खरंच उडतं!” पाच नंबरच्या जागेवरच्या लोकांना जाऊन सांगून आल्या की साबण झाकून ठेवा. मिस्त्री तंबूच्या काठ्या नंबरवार मांडून बसले होते. सुटे भाग मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, ही डेपोतली शिस्त. “वाऱ्याकडे तोंड नको,” मावशी म्हणाल्या. “आणि उतारावर डोकं नको.” मिस्त्री म्हणाले, “बुकिंग झालंय ना आमचं? आता फोन ठेवा.” पण तंबू असा चोख उभा राहिला की शेजारचे लोक बघायला आले.

तंबू झाल्यावर मावशी दादाला म्हणाल्या, “आज सूर्य किती वाजता मावळतो?”

“सहा चाळीसला. पाच दहाला निघा, ताई. तुम्हाला काय सांगायचं!”

वाटेच्या तोंडाशी पाटी होती. जुनी, पिवळ्या अक्षरांची: टेकडीचं टोक, सव्वा तास. ती बघून मावशींची छाती फुगली. “बघा! पाटीवरसुद्धा तेच आहे. दादा, हे कुणी मोजलं होतं?”

“आम्ही कुठं मोजतोय,” दादा म्हणाला. “माझ्या आधीच्या रक्षकानं लिहिलंय. ऑफिसकडून आलं होतं म्हणे, फोनवरून.”

मावशींचा चेहरा उतरला. ऑफिस म्हणजे कोण? ऑफिस म्हणजे त्याच. ऑफिसला वाटायचं चौकीनं मोजलंय, चौकीला वाटायचं ऑफिसनं मोजलंय, आणि मोजलं होतं ते लोकरीच्या धाग्यानं! चौकीच्या भिंतीला नव्या कोऱ्या पाट्यांचा गठ्ठा टेकवून ठेवलेला त्यांना आता दिसला. सगळ्यात वरच्या पाटीवर दोन तास असं छापलं होतं. उद्या ठोकायच्या आहेत, दादा म्हणाला.

“चला,” मावशी म्हणाल्या. “पाच वाजून दहा झाले.”

सुरुवातीला मजाच मजा होती. लाकडी पूल आला तशा मावशी ओरडल्या, “चौथी फळी! तीन वर्षं कुरकुरत होती, मीच नोंद केली होती!” चौथ्या फळीवर दोन उड्या मारून पाहिल्या. फळी गप्प. ओढा आला, दोन वाटा फुटतात तो मोठा खडक आला. जे जे फोनवरून सांगितलं होतं ते ते जागच्या जागी होतं, आणि दर खेपेला मावशी मिस्त्रींच्या दंडाला धरून हलवायच्या. मिस्त्री पहिल्या गिअरमध्ये चालले होते. न थांबता, न बोलता, काठी टेकत. “गाडी घाटात अशीच चढवायची,” ते म्हणाले.

मग चढ लागला. साधासुधा नाही, छातीवरचा. घर ते ऑफिस रस्त्यात एकच उंचवटा होता, तोही पोस्टासमोरचा गतिरोधक. मावशींचं बोलणं कमी झालं, मग तुटक झालं, मग थांबलं. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. तासाला त्या एका बुंध्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी वर पाहिलं. झाडांच्या फटींतून टेकडीचा माथा दिसत होता. लांब होता. चांगलाच लांब. तिथं पंधरा मिनिटांत पाखरूच पोचेल.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मशीन बरोबर आहे.”

मिस्त्रींनी काठी झाडाला टेकवली.

“हजारो माणसं हो! कुणाकुणाला घेऊन आली असतील इथं. माझ्या भरवशावर. लाज वाटते मला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आणि ते फोन? सूर्यास्त बघितल्याचे? मला बरं वाटावं म्हणून करत होते का?”

“एवढं कुणी कुणाला बरं वाटावं म्हणून फोनचे पैसे खर्च करत नाही,” मिस्त्री म्हणाले. “ज्यांनी बघितला त्यांनी कुठून तरी बघितलाच ना? चल. घड्याळ अजून चालू आहे.”

एरवी मावशींनी दहा शब्द परत केले असते. आता त्या नुसत्या चालायला लागल्या. एक वळण, दुसरं वळण. एक तास दहा. एक तास पंधरा गेला तेव्हा भोवती झाडांखेरीज काही नव्हतं, आणि मावशींनी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं. मग वाट एका मोठ्या कातळाला वळसा घालून गेली, आणि माणसांचे आवाज आले.

कातळाच्या पलीकडे झाडं एकदम संपली होती. समोर मोकळं. नुसतं मोकळं! खाली सगळं जंगल, पलीकडे नदीचं वळण, आणि त्यावर सूर्य, अजून दोन बोटं वर. कडेला माती पावलांनी इतकी चोपली गेली होती की गवताची काडी उगवत नव्हती. एक लांबलचक लाकडी बाक होता, वापरून गुळगुळीत झालेला. बाकावर एक आजी ऐटीत बसल्या होत्या, शेजारी त्यांची सून, आणि इकडेतिकडे आणखी आठ-दहा माणसं. वाट पुढं वर जात होती, पण बारीक, झाडीत शिरलेली. तिकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

“या, या, बसा,” सून सरकत म्हणाली. “अगदी वेळेवर आलात.”

मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. “एक तास वीस मिनिटं. गुडघ्यासकट,” ते हळूच म्हणाले.

मावशी बसल्या. त्या तोंड उघडणार नव्हत्या, कारण त्यांना भलतीच धास्ती होती की कुणीतरी आवाज ओळखेल. आजींना मात्र कुणीतरी ऐकणारं हवंच होतं. “एक्याहत्तर वय आहे माझं,” त्या मावशींना म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले जिना चढू नका. आणि बघा, टेकडीचं टोक गाठलं मी!”

सून हसली. “आधी तयारच नव्हत्या. मी बुकिंगच्या मावशींना फोन केला होता मागच्या महिन्यात. त्या म्हणाल्या, सव्वा तास फक्त, म्हातारं माणूस असेल तर अर्धा तास आधी निघा. सव्वा तास म्हटल्यावर यांनी चपला घातल्या.”

“दोन तास म्हणाली असती तर मी तंबूतच बसले असते,” आजी म्हणाल्या. “सव्वा तास म्हणजे काय हो, बोलता बोलता जातो. गेलाच की!” मग त्यांनी मावशींचा हात धरला. “हेच ना हो टोक?”

मिस्त्रींनी घड्याळावरून नजर उचलली. ते बायकोला पस्तीस वर्षं ओळखत होते. खोटं तिला बोलता यायचं नाही, आणि खरं पोटात ठेवता यायचं नाही. खरं-खोटं करायलाच तर ती इतक्या लांब आली होती.

मावशींनी वर जाणाऱ्या बारीक वाटेकडे पाहिलं, मग आजींच्या चपलांकडे पाहिलं. चपला धुळीनं माखल्या होत्या. आणि फोनवरचा तो ठसक्याचा आवाज आपोआप आला. “हो आजी. सव्वा तासाचं टोक हेच.”

सुनेनं चटकन मान वळवली. काही विचारणार होती, पण तेवढ्यात सूर्य नदीला टेकला, आणि सगळी माणसं एकदम गप्प झाली. मावशी रडत होत्या आणि हसत होत्या. त्यांना वाटत होतं की एकेकाला उठवून सांगावं, अहो, मीच ती! सांगितलं नाही. सूर्य बुडाल्यावर मात्र राहवलं नाही. उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “उतरायला तासभर धरा. टॉर्च हातात ठेवा, पिशवीत नको. आजींना मधे घ्या, आणि खडकापाशी उजवीकडे वळा.”

“मावशी!” सून ओरडली.

खाली येईपर्यंत आजींनी मावशींचा हात सोडला नाही.

सकाळी मावशी चौकीवर गेल्या तेव्हा दादा हातोडी घेऊन निघालाच होता. त्यांनी त्याला धाग्याची सगळी हकिगत सांगितली. तो पोट धरून हसला. “अहो ताई, आम्ही बाकालाच टोक म्हणतो. मी आलो तेव्हापासून लोक तिथंच बसायचे, जमिनीवर. म्हणून तर बाक केला मी. मला काय माहीत ते तुमच्या घड्याळानं थांबत होते!”

“आणि खरं टोक?”

“तिथं गच्च झाडी. सूर्य सोडा, समोरचा माणूस दिसत नाही.”

मावशी नव्या पाटीकडे बघत राहिल्या. “ही ठोका,” त्या म्हणाल्या. “खरं ते खरं. पण हिच्या वर आणखी एक हवी. रंग आहे?”

रंग होता. पिवळाच होता. मिस्त्रींनी फळी तासून दिली, दादानं अक्षरं काढली, आणि ती वाळत असतानाच चौकीतला फोन वाजला. आठ वाजले होते. दादानं रिसीव्हर उचलला, ऐकलं, आणि हसत मावशींच्या हातात दिला.

“हॅलो, चौकी?” पलीकडे नवी मुलगी होती. “आजचं काय?”

मावशींनी पदर खोचला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या फोनच्या या टोकाला उभ्या होत्या. समोर खिडकीतून वाट दिसत होती, खरी वाट. “पेन्सिल घे,” त्या म्हणाल्या. “पाणी स्वच्छ. पुलाची चौथी फळी ठणठणीत. टेकडीच्या वाटेवर सव्वा तासावर बाक आहे, सूर्यास्त तिथून बघतात. टोक दोन तासांवर.”

“मावशी, तुम्ही? म्हणजे मशीन बरोबर होतं ना?”

“अगदी बरोबर होतं. पण कुणी विचारलं, तर आधी बाक सांगत जा.”